आडवं काढलेलं, उभं टांगलेलं

वर्धा

गाडी वर्ध्याला पोहोचली तेव्हा सकाळ झाली होती, पण ती घड्याळ सांगत होतं म्हणून. आभाळ इतकं खाली आलं होतं की फलाटावरचे दिवे कुणी घालवलेच नव्हते. इकडची जानेवारीतली थंडी कशी कोरडी, लख्ख, ऊन खात बसावं अशी असते, हे वैशालीनं मला नाशिकच्या स्टाफरूममध्ये कितीदा तरी ऐकवलं होतं. नाशिकच्या थंडीला ती थंडी मानायचीच नाही. तिच्या गावी मी पहिल्यांदा निघाले, तर ऊनही नाही आणि तीही नाही.

वैशाली आणि मी एकाच शाळेत चित्रकला शिकवायचो. पावसाळ्याच्या शेवटी तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली. भावानं ॲम्ब्युलन्स करून तिला गावी, हिंगणघाटला नेलं. हयातीत तिनं स्वतःचं एकही प्रदर्शन भरवलं नाही. दरवर्षी पुढच्या वर्षीवर ढकलायची. शेवटी आम्ही तीन-चार मैत्रिणींनी फेब्रुवारीत हॉल घेतला. नाशिकच्या खोलीत तिची छोटी चित्रं बरीच होती. मोठं म्हणावं असं एकच, आणि ते गावी होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून काढलेलं, निजलेल्या बाईचं. आम्ही ते फक्त तिच्या मोबाईलवर पाहिलं होतं आणि त्या एवढ्याशा फोटोतही ते बाकीच्या सगळ्या चित्रांच्या वरचढ होतं. त्याच्याशिवाय प्रदर्शन म्हणजे जेवायला बसवून भातच न वाढण्यासारखं झालं असतं. तिच्या भावाला, मिलिंदला, फोन केला तर तो म्हणाला, "आई देत नाई म्हणते, ताई. तुम्हीच या एकदा." म्हणून मी आले होते, चित्र घेऊनच परतायचं असं ठरवून.

बसस्टँडवर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात, तो एवढा की पोहे शोधावे लागतात. आम्ही नाशिककर मिसळीचा तोरा मिरवतो, पण सकाळी सकाळी असा जाळ पोटात घालायची आमची तयारी नसते. खाता खाता कुणाचा तरी धक्का लागला आणि अर्धी तर्री माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडली. दुःखाच्या घरी पहिल्यांदा जाताना पोटावर केशरी नकाशा घेऊन जायचं, हे माझ्याच नशिबी असतं. बसमध्ये ओढणी पुढे ओढून बसले. बाहेर कापसाची शेतं होती. वेचणी बहुतेक उरकलेली, काळपट पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या.

हिंगणघाट

मिलिंद मोटरसायकल घेऊन स्टँडवर आला होता. एका शाळेत क्लार्क आहे. वैशालीपेक्षा धाकटा, बोलायला कमी. घर नव्या वस्तीत, दोन खोल्या आणि पुढे ओटा. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळे घरात तो आणि आई दोघंच.

आईंचं सगळं आयुष्य जिनिंगमध्ये कापूस ओढण्यात गेलेलं. उंच, हडकुळ्या, आवाज खालच्या पट्टीतला. मला पाहिल्यावर त्या रडतील म्हणून मी मनाची तयारी केली होती. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं.

"थे काय सांडलं, मॅडम?"

"तर्री."

"काढा. आत्ताच धुतलं तं निंघन, मंग नाई निंघणार."

मला बदलायला त्यांनी वैशालीचा कुर्ता आणून दिला. निळा, खांद्यावर ठिपक्यांची ओळ असलेला. तो घालून ती कितीतरी सोमवारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेली होती. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, घातला. त्यानंतर दिवसभर आई माझ्याशी बोलल्या त्या भिंतीकडे, चुलीकडे किंवा माझ्या पायांकडे बघून. एकदाही वर बघितलं नाही.

चित्र मला आतल्या खोलीत दिसलं आणि मी दारातच थांबले. ते उभं टांगलं होतं.

म्हणजे काय, ते नीट सांगते. कॅनव्हास माझ्या उंचीपेक्षा लांब आहे. वैशालीनं तो आडवा धरला होता: एक बाई उजव्या कुशीवर निजलेली, गालाखाली हात, खाली पसरलेली गोधडी. या घरात तो एका टोकावर उभा केलेला होता. डोकं वर, पाय खाली. बाई निजलेली नव्हती, उभी होती. गाल हातावर टेकवून, अंगाचा भार गोधडीच्या भिंतीवर देऊन, दाराशी कुणाची वाट बघत असल्यासारखी. पदर खाली पडायचा तो बाजूला पसरला होता आणि पावलं कुठेच टेकलेली नव्हती.

"भिताड पुरत नाई ना ताई," मिलिंद माझ्या मागून म्हणाला. "आडवं केलं तं खिडकी झाकते."

खिडकी समोरच्या भिंतीला होती. मला चांगलाच राग आला. मुलांनी एकमेकांची चित्रं उलटी धरून खिदळावं तशातला प्रकार वाटला. आणि खरं सांगायचं तर, ते उभं टांगलेलंही बघवत होतं, म्हणून जास्त राग आला.

चहा झाल्यावर एकटीच त्या खोलीत मान वाकडी करून उभी राहिले. मोबाईलनं आम्हाला फसवलं होतं. त्यात रंग भडक दिसायचे; इथे ते दबलेले होते, वापरून वापरून विटलेल्या कापडाचे. गोधडीचे चौकोन एकाला एक लावलेले: हिरव्यावर पिवळी फुली, जांभळ्यावर बारीक ठिपके, मग चौकड्या, मग पोपट, मग पुन्हा फुली. सावली कुठेच नव्हती. बाईची साडी गडद हिरवी, तांबड्या काठांची, आणि साडीवरची बुट्टी अंगाच्या चढउताराबरोबर वळत नव्हती, सरळ चालली होती. खांदा, कंबर, गुडघा सगळ्यांवरून एकाच रांगेत. वैशाली म्हणायची, मला अंगाची गोलाई नको, कापडालाच अंग होऊ दे. झालं होतं खरं तसं. गोधडी कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते हे नजरेला पटकन कळत नव्हतं. आठ-दहा वर्षं आणखी ती निजली असती तर गोधडीत पूर्ण मुरून गेली असती, असं वाटत होतं. साडीतून सुटलेल्या होत्या तीनच गोष्टी, चेहरा, हात आणि पायांचे तळवे. त्यांना तिनं निळसर जांभळा रंग दिला होता. चेहऱ्यावर नाकडोळे जेमतेम, चार रेघांचे.

एकच गोष्ट मला खटकत आली होती. तळवे. गुळगुळीत, शाळकरी पोरीसारखे. हे आईचं चित्र ना, आणि उभा जन्म जिनिंगमध्ये काढलेल्या बाईचे तळवे असे नसतात, हे मी वैशालीला फोटो पाहतानाच म्हटलं होतं. ती हसली होती आणि विषय बदलला होता.

रात्रीच्या जेवणाला भाकर, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि मिरचीचा ठेचा होता. भाजी इतकी चांगली होती की मला लाज वाटली. अशा घरी माणसानं इतकं जेवू नये. जेवता जेवता मी विषय काढला. आईंनी ताट बाजूला सारलं आणि शेजारच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे बुद्धाची छोटी मूर्ती होती, कुशीवर निजलेली, महापरिनिर्वाणाची.

"आमच्या घरात आडवं म्हंजे थे," त्या म्हणाल्या. "दुसरं आडवं नाई लावत."

मला वाटलं, अडचण धर्माची आहे, मर्यादेची आहे. अशा अडचणीतून वाट काढता येते. मी निवांत झोपले, हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

दुसरा दिवस, ओट्यावर

सकाळी आभाळ तसंच होतं. मिलिंद शाळेत गेला. आईंनी ओट्यावर तुरीच्या शेंगांचा ढीग ओतला आणि मी त्यांच्यासमोर बसून सोलू लागले. माझा कुर्ता दोरीवर होता, डाग गेला होता, पण दमट हवेत कापड वाळेना. म्हणून आजही मी वैशालीच्याच कुर्त्यात.

मी बोलायला सुरुवात केली. वर्गात बोलते तशी. म्हटलं, आई, चित्रकारानं जे चित्र जसं काढलं तसंच ते लावायचं असतं. प्रदर्शनात आम्ही ते मधल्या भिंतीवर लावणार आहोत, वर दिवे असतील. खाली पाटी असेल: वैशालीनं काढलेली आई. तुम्ही तिच्या चित्रात निजलेल्या आहात यात कमीपणा नाही, लोक तुम्हाला हात जोडतील.

आई शेंगा सोलत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आंग निळं काऊन केलं तिनं?"

हा प्रश्न माझ्या हातखंड्याचा. मी सांगितलं, गोधडीत पिवळा आणि केशरी खूप आहे, त्यांच्याशेजारी अंगाचा खरा रंग ठेवला असता तर तो त्यांच्यात बुडाला असता. निळा ठेवला की अंग वेगळं उठून दिसतं, थंड वाटतं. रंग एकमेकांना कसे ढकलतात, वगैरे बरंच काही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तिले माईत होतं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. काय माहीत होतं, ते मला लगेच कळलं नाही.

मग त्या आपणहून बोलू लागल्या, शेंगांकडे बघत. "मॅडम, थे मी नाई. तुमी सारे आई आई करून राह्यले. मले निजवून पाह्यलं तिनं, दोन दिवस. वाकळ आथरली, उशी देल्ली, म्हणे आई, नुसती पडून राय. पण मले दिवसा पडता येत नाई. पडली का आंगात काटे टोचल्यावानी होते. मी उठो, ती निजवे. मी उठो, ती निजवे. मंग म्हणे, राहू दे, तुह्यी साडी दे. माही हिरवी साडी नेसली अन् सोताच निजली. मोबाईल खुर्चीले बांधला, फोटो काढला, अन् त्याच्यावरून रंगवत बसली. थे पाय पाह्यले नाई तुमी? माहे पाय हाये का तसे?"

त्यांनी पाय पुढे केले. मी बघितले नाहीत, मला बघवले नाहीत.

"गाडीतून उतरवली तवा तशीच निळी होती," त्या म्हणाल्या. "आंगणात निजवली. लोकं आले, गेले. तिले नेलं. मी घरात आली तं समोर भिताडावर पुन्हा निजलेली. तेच आंग, तसाच रंग. मी मिलिंदले म्हटलं, आत्ताच्या आत्ता उभी कर तिले. लोकं घरात असताना खिळा ठोकला त्यानं."

मी रडले. परक्याच्या ओट्यावर बसून, हातात शेंगा, मोठ्यानं. आमच्या निमंत्रणपत्रिकेवर मी स्वतः लिहिलं होतं की हे चित्र म्हणजे चित्रकर्तीनं आपल्या कष्टकरी आईला दिलेली विश्रांती आहे. छापूनही झालं होतं. वैशालीनं मला खरं का सांगितलं नसेल, ते मला अजून कळलेलं नाही. पत्ता लागू द्यायचा नव्हता, की सुट्टीनंतर सांगू म्हणून राहून गेलं, कोण सांगणार. आईंनी मला रडू दिलं. पाणी आणून दिलं आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे, म्हणजे त्या कुर्त्याकडेही, बघितलं. मग आत निघून गेल्या.

त्या दिवशी मी चित्राचं नाव काढलं नाही. दुपारी वेणा नदीच्या पुलापर्यंत एकटीच चालत जाऊन आले. पाणी कमी, काठाला शेवाळ, वर करडं आभाळ. मिलिंदला सांगून टाकलं की उद्या मी निघते, चित्र इथेच असू दे. तो म्हणाला, "बरं झालं ताई." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पण तिचं एकबी चित्र कोणी पाह्यलं नाई अजून." हेही खरंच होतं, आणि दोन्ही खरं असल्यावर माणसानं काय करावं ते मला सुचेना.

परतीच्या वाटेवर

सकाळी उठले तर आईंनी चित्र उतरवून ठेवलं होतं. भिंतीला टेकवून, उभंच. तिच्या अंगाखालची खरी गोधडी, चित्रातली ती, त्याच्याभोवती गुंडाळायला काढलेली.

"लोकं पाहतीन?" त्यांनी विचारलं.

"बघतील, आई."

"तिचं नाव लिवान? मोठं?"

"मोठं लिहू."

"मंग न्या. पण निजवजा नोका. जशी हाये तशीच लावजा."

मी हो म्हटलं. वीस वर्षं मुलांना चित्राची वरची बाजू कुठली हे शिकवलेली मी हो म्हटलं आणि तो शब्द पाळलाही. प्रदर्शनात ते उभंच लागलं, पत्रिकेवरची ओळ मी काळ्या पेनानं एकेक करून खोडली, आणि जाणकारांचं जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं.

मिलिंदनं ओळखीतला छोटा टेम्पो आणला. चित्र गोधडीत गुंडाळून वरून प्लास्टिक बांधलं. टेम्पोवाला सहजपणे ते आडवं सरकवायला गेला, तेवढ्यात आई मागे चढल्या. केबिनला पाठ लावून बसल्या आणि चित्र दोन्ही हातांनी उभं धरलं. त्यांना एकटीला सोडून पुढे बसणं शक्यच नव्हतं, मीही मागे चढले आणि दुसरी कड धरली. वर्ध्यापर्यंत आम्ही दोघी तशाच, मिलिंद पुढे केबिनमध्ये. वारं सुटलं होतं, गार आणि ओलं. गतिरोधक आला की कॅनव्हास आमच्या अंगावर झुकायचा आणि आम्ही तो परत सरळ करायचो. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकला होता, मळलेला. बोटं बधिर झाली तेव्हा मी म्हटलं, "आई, थोडा वेळ टेकवू या का?" त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

स्टेशनवर पार्सलच्या खिडकीशी आमचं सगळं अडलं. तिथला बाबू चांगला माणूस होता, तिरसट नव्हता. त्यानं पार्सल बघितलं आणि म्हणाला, "उभा नाई जात मॅडम. डब्यात धक्के बसतात, पडला तं फाटन. आडवाच टाकाव लागते."

मी त्याच्याशी वाद घातला. नाजूक आहे म्हटलं, चित्र आहे म्हटलं, आणखी पैसे देते म्हटलं. तो सारखं तेच सांगत होता, आणि बरोबरच सांगत होता. उभं ठेवलेलं पार्सल पहिल्या वळणाला कोसळलं असतं. मिलिंद खाली बघत उभा होता. हमालानं हातगाडी आणून लावली. मी आईंकडे वळले.

"टाका आडवी," आईच म्हणाल्या.

हमालानं आणि मिलिंदनं ते उचलून गाडीवर निजवलं. आईंनी प्लास्टिकखालची गोधडी एका बाजूनं ओढून नीट केली. हमालानं गाडी फलाटाच्या दिशेनं ढकलली.

"थांब बापू," आई म्हणाल्या. "पाय पुढं करून नोको नेऊ."

घरातून माणसाला पाय पुढे करून नेतात ते एकदाच, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. हमाल थांबला. त्यानं त्या लांबट, बांधलेल्या पार्सलकडे पाहिलं, मग आईंकडे.

"डोकं कोणतं, आजी?"

आईंनी एका टोकावर हात ठेवला. त्यानं आणखी काही विचारलं नाही. जागा अरुंद होती, पेट्या, टोपल्या, दुसऱ्या गाड्या. मागेपुढे करत, एकाला सरकायला सांगत त्यानं हातगाडी पूर्ण फिरवून घेतली आणि निघाला. आई डोक्याच्या बाजूनं, हात तसाच ठेवून, त्याच्याबरोबर चालत गेल्या.

पार्सलचा डबा गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला होता, माझा मधे. मिलिंद माझी बॅग घेऊन आला, मला जागेवर बसवून गेला. गाडी सुटली तेव्हा मी दारात येऊन हात हलवला. आई त्या टोकाच्या डब्यासमोर उभ्या होत्या, त्याच्याबरोबर चार पावलं चालल्या आणि थांबल्या. माझा डबा त्यांच्यासमोरून गेला, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.